वाणीचे अनुशासन आणि वाणीवरील शासन
पवनारच्या दोन प्रसंगांच्या आधारे भाषणस्वातंत्र्याचा विचार

लोकशाहीतील भाषणस्वातंत्र्याची चर्चा बहुधा तराजूच्या रूपाने मांडली जाते. एका पारड्यात स्वातंत्र्याचे मूल्य ठेवावयाचे, दुसऱ्यात त्याचा दुरुपयोग ठेवावयाचा आणि तराजू शासनाच्या हाती द्यावयाचा, असे या मांडणीचे स्वरूप असते. ती सोयीची असली तरी तिच्यात एक मोठा दोष आहे. दुरुपयोग करणारा तो नेहमी नागरिकच आणि त्याला आवर घालणारे ते नेहमी शासनच, असे तिच्यात गृहीत धरलेले असते. शब्दाचा दुरुपयोग शासनालाही करता येतो, आणि त्याने केलेला दुरुपयोग अधिक दूरवर पोचतो, ही गोष्ट या मांडणीत कोठेच बसत नाही.

या प्रश्नाचा मूर्त स्वरूपात विचार करावयाचा झाल्यास वर्धा जिल्ह्यातील पवनार या गावाकडे वळणे उपयुक्त ठरते. धाम नदीच्या काठच्या या लहानशा गावाने भाषणस्वातंत्र्याची दोन वेळा परीक्षा पाहिली. पहिली परीक्षा १९४० मध्ये परकीय राजवटीत झाली. दुसरी १९७५-७६ मध्ये, स्वतंत्र भारतात. दोन्ही प्रसंगी केंद्रस्थानी एकच व्यक्ती होती, ती म्हणजे आचार्य विनोबा भावे. या दोन प्रसंगांची तुलना केली असता, स्वातंत्र्य आणि दुरुपयोग यांच्यामधील सीमारेषा सामान्यतः आखली जाते तेथे नसून अन्यत्र आहे, असे दिसून येते. ती कोठे आहे, हे दाखविणे एवढाच प्रस्तुत विवेचनाचा हेतू आहे.

१

सप्टेंबर १९३९ मध्ये व्हाइसरॉय लॉर्ड लिनलिथगो यांनी भारताला युद्धात ओढले, ते भारतीय लोकप्रतिनिधींना न विचारता. पुढे वर्षभर चाललेल्या वाटाघाटी निष्फळ ठरल्या. सप्टेंबर १९४० च्या अखेरीस गांधीजींनी सिमल्याला व्हाइसरॉयची भेट घेतली, तेव्हा त्यांची मागणी सत्तेची नव्हती. युद्धात सहभागी होऊ नये हे मत अहिंसक मार्गाने लोकांपुढे मांडण्याची मोकळीक असावी, एवढेच त्यांचे मागणे होते. व्हाइसरॉयांनी उत्तर दिले ते इंग्लंडचा दाखला देऊन. ज्याच्या सदसद्विवेकबुद्धीला युद्ध मान्य नाही त्याने स्वतः त्यापासून दूर राहावे. परंतु सैनिकांना किंवा दारूगोळ्याच्या कारखान्यांतील कामगारांना परावृत्त करण्यापर्यंत त्याला जाता येणार नाही, असा त्या उत्तराचा आशय होता.

हे उत्तर केवळ साम्राज्यवादी उद्दामपणाचे होते असे म्हणून चालणार नाही. त्याच महिन्यात लंडनवर जर्मन बाँबवर्षाव सुरू झाला होता. नाझी सत्तेचा पराभव ही पहिली गरज आहे, असे प्रामाणिकपणे मानणारे लोक भारतातही होते. डॉ. आंबेडकर आणि मानवेंद्रनाथ रॉय यांचा युद्धप्रयत्नांना पाठिंबा होता, आणि तो विचारपूर्वक दिलेला होता. म्हणून युद्धविरोधी भाषण हा स्वातंत्र्याचा दुरुपयोग आहे, हा आक्षेप त्या काळी पोकळ नव्हता. या आक्षेपाला गांधीजींनी जे उत्तर दिले, ते वादविवादातील युक्तिवादाने दिलेले नाही. सत्याग्रहाच्या रचनेतून दिलेले आहे.

ऑक्टोबर १९४० मध्ये वर्ध्याला भरलेल्या काँग्रेस कार्यसमितीपुढे त्यांनी वैयक्तिक सत्याग्रहाची योजना ठेवली आणि पहिला सत्याग्रही म्हणून विनोबांची निवड केली. विनोबा १९२१ पासून वर्ध्यात राहत होते, परंतु देशातील सामान्य वाचकाला त्यांचे नाव फारसे ठाऊक नव्हते. म्हणून गांधीजींना 'हरिजन'मध्ये लेख लिहून त्यांची ओळख करून द्यावी लागली. १७ ऑक्टोबर रोजी पवनारला विनोबांनी युद्धविरोधी भाषण केले. त्यानंतर आसपासच्या खेड्यांतून ते बोलत राहिले आणि २१ ऑक्टोबरला त्यांना अटक होऊन तीन महिन्यांची शिक्षा झाली. दुसरे सत्याग्रही पंडित नेहरू होते. वर्ध्याहून परतताना, प्रत्यक्ष सत्याग्रह करण्यापूर्वीच, त्यांना ३१ ऑक्टोबरला पकडण्यात आले आणि चार वर्षांची शिक्षा देण्यात आली.

या सत्याग्रहाला त्या वेळी अनेकांनी मिळमिळीत ठरविले. सामुदायिक चळवळीची अपेक्षा करणाऱ्यांना एकेका माणसाने उभे राहून एकेक भाषण करणे म्हणजे लुटुपुटीची लढाई वाटली. परंतु भाषणस्वातंत्र्याच्या दृष्टीने पाहिल्यास या मिळमिळीतपणातच त्या प्रयोगाचे सारे सत्त्व आहे. सत्याग्रही निवडलेला असे. तो जिल्ह्याच्या अधिकाऱ्याला आगाऊ लेखी सूचना देई. तो स्वतःच्या नावाने, उघड्या जागी आणि दिवसाढवळ्या बोले. जमाव भडकविणे वर्ज्य होते. बोलण्याचा जो काही परिणाम होईल तो भोगण्यास तो जागेवरच सापडे. ज्याला त्याचे म्हणणे अमान्य असेल त्याला, मग तो शेजारी असो वा सरकार असो, उत्तर देण्यासाठी माणूस, स्थळ आणि वेळ ही तिन्ही उपलब्ध होती. ही मर्यादा कायद्याने लादलेली नव्हती. बोलणाऱ्याने ती आपण होऊन घालून घेतली होती. वाणीचे अनुशासन म्हणावयाचे ते हे.

सरकारने या वाणीवर शासन चालविले. विनोबांच्या सत्याग्रहाचा वृत्तान्त पूर्वपरवानगीवाचून छापू नये, अशी सूचना 'हरिजन'ला मिळताच गांधीजींनी 'हरिजन', 'हरिजनबंधू' आणि 'हरिजनसेवक' ही तिन्ही साप्ताहिके बंद ठेवली. ती पुन्हा निघाली जानेवारी १९४२ मध्ये. वाचकांचा निरोप घेताना त्यांनी प्रत्येकाला चालतेबोलते वृत्तपत्र होण्यास सांगितले. पण त्याबरोबरच एक अटही घातली. या वृत्तपत्राने ऐकीव गप्पा पसरवू नयेत. बातमीचे मूळ खात्रीचे असल्याचे पाहूनच ती शेजाऱ्याला सांगावी. मुद्रणावर बंदी असताना तोंडी प्रसाराला उत्तेजन देणारा नेता अफवेची सूट देणार नाही, ही गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. सेन्सॉरने सत्य दडपले म्हणून असत्याला मोकळे रान मिळत नाही, हे तत्त्व तिच्यात आहे.

२

दुसऱ्या प्रसंगाच्या मध्यभागी भाषण नसून एक शब्द आहे. २५ डिसेंबर १९७४ पासून विनोबांनी एक वर्षाचे मौन धारण केले होते. ते चालू असतानाच २५ जून १९७५ च्या रात्री आणीबाणी जाहीर झाली, विरोधी नेते स्थानबद्ध झाले आणि वृत्तपत्रांवर पूर्वनियंत्रण आले. अशा काळात काँग्रेसचे नेते वसंत साठे पवनारला भेटीस आले आणि त्या भेटीतून 'अनुशासन पर्व' हा शब्दप्रयोग बाहेर पडला. भेटीचे तपशील निरनिराळ्या आठवणींत निरनिराळे आढळतात. विनोबांनी आणीबाणीला ते नाव दिले असे एका पक्षाचे म्हणणे. त्यांनी केवळ महाभारतातील त्या पर्वाकडे निर्देश केला असे दुसऱ्याचे. परिणाम मात्र निर्विवाद आहे. पाहता पाहता हा शब्द भिंतींवर, फलकांवर आणि शासकीय प्रचारात झळकू लागला आणि भूदानाच्या प्रणेत्याने आणीबाणीला आशीर्वाद दिला, असा त्याचा अर्थ देशभर रूढ झाला.

या शब्दाचा अर्थ तपासणे येथे आवश्यक आहे. शासन, शास्त्र, शिष्य आणि अनुशासन हे सारे शब्द 'शास्' या एकाच धातूपासून आलेले आहेत. राज्य चालविणे आणि शिकविणे असे त्या धातूचे दोन्ही अर्थ होतात. परंतु 'अनु' हा उपसर्ग लागताच शब्दाचा कल शिकविण्याकडे झुकतो. पतंजलीने व्याकरणाला 'शब्दानुशासन' म्हटले आहे. व्याकरण कोणाला बोलण्याची बंदी करीत नाही; बोललेले दुसऱ्याला नीट कळावे म्हणून ते बोलण्याला वळण लावते. तैत्तिरीय उपनिषदात अध्ययन संपवून घरी निघालेल्या शिष्याला आचार्य जो उपदेश करतात, त्यालाही अनुशासन हीच संज्ञा आहे. त्यातील पहिली शिकवण सत्य बोलण्याची आहे, आणि पुढे आचार्य असेही सांगतात की, आमची जी आचरणे चांगली असतील तेवढीच तू घे, इतर घेऊ नकोस. म्हणजे गुरूची पारख करण्याचा अधिकार शिष्याला तेथे गुरूच देतो.

महाभारतातील अनुशासनपर्व हे याहूनही बोलके आहे. त्यात उपदेश करणारा भीष्म शरशय्येवर पडलेला आहे. त्याच्या हाती ना शस्त्र आहे ना राज्य. ऐकणारा युधिष्ठिर हा राजा आहे. युधिष्ठिर शंका विचारीत जातो आणि भीष्म उत्तर देत जातो, अशी त्या पर्वाची घडण आहे. सत्ता नसलेल्याने सत्ताधाऱ्याला सांगावे आणि सत्ताधाऱ्याने प्रश्न विचारून समजून घ्यावे, हा अनुशासनाचा तेथील क्रम होय. १९७५ मध्ये हा क्रम नेमका उलटा केला गेला. सत्ताधारी सांगू लागले, आणि प्रश्न विचारणे हाच अपराध ठरला. ज्या पर्वात प्रश्नावाचून उपदेश पुढे सरकत नाही, त्याचे नाव प्रश्नांना बंदी करणाऱ्या राजवटीला मिळाले.

मौनाची मुदत संपल्यावर, २५ डिसेंबर १९७५ रोजी, विनोबांनी या शब्दाचा खुलासा केला. शासन सत्तेचे असते, अनुशासन आचार्यांचे असते, आणि आचार्य तो की जो निर्भय, निर्वैर आणि निष्पक्ष आहे, असा भेद त्यांनी स्पष्ट केला. जानेवारी १९७६ मध्ये पवनारला भरलेल्या आचार्यांच्या संमेलनाने देशात सामान्य स्थिती परत यावी अशा आशयाचा अभिप्रायही दिला. परंतु खुलासा आणि अपसमज यांची शर्यत समान नव्हती. अपसमजाच्या पाठीशी शासनाची सारी प्रचारयंत्रणा होती. खुलाशाला सेन्सॉरच्या चाळणीतून जावयाचे होते. त्यामुळे शब्द घरोघर पोचला, पण त्याचा अर्थ पवनारच्या आसपासच राहिला.

३

या साऱ्या प्रकरणातील अखेरचा धागा 'मैत्री' या हिंदी मासिकाचा आहे. पवनारच्या ब्रह्मविद्या मंदिरातील भगिनी हे मासिक चालवीत. १९७६ च्या मे महिन्याच्या अखेरीस विनोबांनी गोवधबंदीच्या मागणीसाठी ११ सप्टेंबरपासून उपवास करण्याचा संकल्प प्रकट केला. तो 'मैत्री'च्या जूनच्या अंकात आला. लगेच पोलिसांनी आश्रमात येऊन त्या अंकाच्या प्रती जप्त केल्या. ज्याचा एक शब्द शासनाने देशभर लावला होता, त्याच माणसाचे दुसरे शब्द त्याच शासनाने त्याच्याच आश्रमातून उचलून नेले.

गोवधबंदीची मागणी योग्य होती की नव्हती, हा प्रश्न येथे अप्रस्तुत आहे. तिला तीव्र विरोध करणारे अनेक विचारवंत होते, आणि उपोषणाच्या दबावाने कायदा करवून घेणे लोकशाहीला धरून आहे काय, असाही आक्षेप घेता येण्यासारखा होता. पण हे सारे आक्षेप घेण्यासाठी मूळ मजकूर वाचकापर्यंत पोचणे आवश्यक होते. जप्तीने विनोबांचे जेवढे नुकसान झाले, तेवढेच त्यांच्या विरोधकांचेही झाले. कारण जे छापले गेले नाही त्याला उत्तर देता येत नाही. सेन्सॉर एका पक्षाचे तोंड बंद करतो असे वाटते. वस्तुतः तो संवादच बंद करतो.

तथापि विनोबांवरील टीकेचाही येथे प्रामाणिकपणे विचार केला पाहिजे. मौन हाही वाणीचाच एक प्रकार आहे, आणि ज्याच्या शब्दाला देशात वजन आहे त्याच्या संदिग्ध संकेतालाही वजन येते. सत्तेतील माणूस समोर बसलेला असताना, देशातील मोठमोठी माणसे तुरुंगात असताना, आणि त्यांत स्वतःच्या सर्वोदय परिवारातील जयप्रकाश नारायण असताना, दोन अर्थ निघतील असा शब्द बाहेर पडू देणे ही चूक होती. खुलासा मौनाची मुदत संपेपर्यंत लांबणीवर राहिला, हेही त्या चुकीत मिळवावे लागते. व्रताचे पावित्र्य राखले गेले, पण शब्दाचे राखले गेले नाही. १९४० चा सत्याग्रही ऐकणाऱ्याच्या मनात संशय राहू नये म्हणून खेड्याखेड्यांतून तेच तेच पुन्हा सांगत होता. १९७५ चा मौनी अर्थाची जबाबदारी ऐकणाऱ्यांवर सोपवून स्वस्थ राहिला. डॉ. आंबेडकरांनी २५ नोव्हेंबर १९४९ रोजी घटना समितीत राजकारणातील भक्तीविषयी जो इशारा दिला होता, त्याचा प्रत्यय येथे येतो. भक्त समाजात थोर माणसाचा अर्धा शब्दही आज्ञा होऊन बसतो, आणि सत्तेला अर्ध्याच शब्दाची गरज असते.

मात्र ही चूक दुरुस्त होऊ शकली असती, हे विसरता येत नाही. वृत्तपत्रे मोकळी असती तर दुसऱ्याच दिवशी पवनारला वार्ताहर गेले असते, संस्कृतज्ञांनी अनुशासनपर्वाचा दाखला दिला असता, सर्वोदय कार्यकर्त्यांनी जाहीर प्रश्न विचारले असते आणि विनोबांना उत्तर देणे भाग पडले असते. एका माणसाच्या संदिग्धतेतून अनर्थ झाला; पण तो टिकून राहिला, तो अनेकांच्या सक्तीच्या मौनामुळे. भाषणस्वातंत्र्याचे मूल्य केवळ खरे बोलता येण्यात नाही. चुकीचे बोलले गेल्यावर ते सुधारता येण्यात त्याचे अधिक मोठे मूल्य आहे.

४

येथे एक आक्षेप उभा राहतो. उत्तर देण्याची मोकळीक हाच दुरुपयोगावरचा उपाय मानला, तर जेथे उत्तराला वेळच मिळत नाही तेथे काय करावयाचे? हा आक्षेप काल्पनिक नाही. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील साक्री तालुक्यात राईनपाडा येथे, आठवडी बाजाराच्या दिवशी, भिक्षेसाठी फिरणाऱ्या नाथपंथी डवरी गोसावी समाजातील पाच माणसांना जमावाने ठार मारले. मुले पळविणारी टोळी आली आहे, अशी अफवा भ्रमणध्वनीवरील संदेशांतून त्या भागात पसरली होती. ती खोटी होती. परंतु ती खोटी आहे हे त्या पाच जणांना सांगता आले नाही, आणि सांगितले असते तरी कोणी ऐकून घेतले नसते.

हे उदाहरण वरील निष्कर्षाला छेद देत नाही. उलट त्याला पूर्णता देते. राईनपाड्याच्या अफवेला नाव नव्हते, गाव नव्हते, आणि तिची जबाबदारी घेण्यास कोणी जागेवर सापडत नव्हते. गांधीजींनी चालत्याबोलत्या वृत्तपत्राला जी अट घातली होती, ती नेमकी येथे मोडली गेली. आणीबाणीत उत्तराचा अवकाश शासनाने हिरावला. राईनपाड्याला तो अफवेने व जमावाने हिरावला. साधने भिन्न असली तरी दोष एकच आहे. यावरून दुरुपयोगाची एक कसोटी हाती येते. ज्या बोलण्याने ऐकणाऱ्याला विचार करण्यास आणि ज्याच्याविषयी बोलले त्याला उत्तर देण्यास अवसर उरतो, ते कितीही कटू, चुकीचे वा अप्रिय असले तरी स्वातंत्र्याच्या कक्षेत येते. जे बोलणे हा अवसरच नाहीसा करते, ते दुरुपयोग होय. मग ते जमावाचे असो वा मंत्रालयाचे.

भारतीय कायद्याचा प्रवासही, काही चढउतार वगळता, याच दिशेने झालेला दिसतो. घटनेच्या अनुच्छेद १९(१)(क) ने भाषण व अभिव्यक्ती यांचे स्वातंत्र्य दिले. १९५१ च्या पहिल्या घटनादुरुस्तीने खंड (२) मधील निर्बंधांची कारणे वाढविली, परंतु निर्बंध 'वाजवी' असले पाहिजेत ही अटही त्याच दुरुस्तीने घातली. आणीबाणीच्या अनुभवानंतर १९७८ च्या चव्वेचाळिसाव्या दुरुस्तीने, अंतर्गत कारणासाठी पुकारलेल्या आणीबाणीत अनुच्छेद १९ आपोआप निलंबित होणार नाही, अशी व्यवस्था केली. २४ मार्च २०१५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने माहिती तंत्रज्ञान कायद्यातील कलम ६६-अ रद्द ठरविले. २०१२ मध्ये पालघर येथील दोन तरुणींना समाजमाध्यमावरील मजकुरावरून झालेली अटक या खटल्याला कारणीभूत झाली होती. चर्चा, पुरस्कार आणि चिथावणी या तीन पायऱ्या न्यायालयाने वेगळ्या केल्या आणि निर्बंधाचा अधिकार तिसऱ्या पायरीवर सुरू होतो असे सांगितले. चर्चेला आणि पुरस्काराला उत्तर देता येते. चिथावणीला उत्तर देण्यापूर्वीच कृती होऊन गेलेली असते. न्यायालयाने केलेला भेद आणि पवनारच्या इतिहासातून निघणारी कसोटी यांत तत्त्वतः अंतर नाही.

५

फेब्रुवारी २०२३ मध्ये वर्ध्यात ९६ वे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन न्या. नरेंद्र चपळगावकर यांच्या अध्यक्षतेखाली भरले. त्याच दिवसांत, त्याच शहरात, विद्रोही साहित्य संमेलनही भरले. त्याचे अध्यक्ष चंद्रकांत वानखडे होते. त्याआधी दोनच महिने, डिसेंबर २०२२ मध्ये, कोबाद गांधी यांच्या 'फ्रॅक्चर्ड फ्रीडम' या पुस्तकाच्या मराठी अनुवादाला जाहीर झालेला राज्य पुरस्कार शासनाने रद्द केला होता आणि निवड समितीही बरखास्त केली होती. त्यावर अनेक लेखकांनी पदांचे राजीनामे दिले, काहींनी पुरस्कार नाकारले. पुरस्कार देणे वा न देणे हा शासनाचा अधिकार असला, तरी तज्ज्ञ समितीने दिलेला निर्णय तिच्याशी वाद न घालता मोडून काढणे हे उत्तर नव्हे, तो उत्तराचा अभाव आहे. उलट, राजीनामे देणाऱ्यांनी स्वतःच्या नावाने, स्वतःचे काही गमावून, कारण सांगून निषेध केला. १९४० च्या सत्याग्रहींची पद्धत याहून फार वेगळी नव्हती.

संमेलनाच्या उद्घाटनप्रसंगी मुख्यमंत्र्यांच्या भाषणात स्वतंत्र विदर्भवाद्यांनी घोषणा दिल्या, हेही येथे नोंदविले पाहिजे. क्षणभराची घोषणा हे निषेधाचे साधन होऊ शकते. पण समोरच्याचे भाषण बंद पाडणे हे घोषणेचे ध्येय झाले, तर ती स्वतःच लहानसे सेन्सॉर बनते. आपली बाजू न्याय्य आहे म्हणून दुसऱ्याचे बोलणे ऐकू येऊ देऊ नये, असे मानणाऱ्याची आणि सेन्सॉरची मनोरचना एकच असते. त्यापेक्षा त्याच शहरात दुसरा मंडप उभारून आपले म्हणणे मांडणारे विद्रोही संमेलन लोकशाहीच्या व्याकरणाला अधिक धरून होते. दोन मंडपांतील मते जुळली नाहीत, ती जुळण्याची आवश्यकताही नव्हती. श्रोत्याला एका मंडपातून दुसऱ्यात जाता येत होते, आणि एका ठिकाणी ऐकलेल्याचे उत्तर दुसरीकडे मिळत होते.

भाषणस्वातंत्र्याला मर्यादा असावी काय, हा प्रश्न म्हणून पुरेसा नेमका नाही. मर्यादा असावीच लागते. ती कोणी आणि कशासाठी घालावी, हा खरा प्रश्न आहे. बोलणाऱ्याने उत्तराचा मार्ग मोकळा ठेवण्यासाठी स्वतःवर घातलेली मर्यादा हे अनुशासन. ऐकणाऱ्याला उत्तर सुचू नये म्हणून सत्तेने घातलेली मर्यादा हे केवळ शासन. विनोबांनी हा भेद २५ डिसेंबर १९७५ रोजी सांगितला. तो सांगण्यास त्यांना उशीर झाला, आणि तो ऐकण्याची मोकळीक त्या वेळी देशाला नव्हती. या दोन्ही गोष्टी एकत्र लक्षात ठेवल्या, तरच त्या शब्दाला त्याचा मूळ अर्थ परत मिळेल.